तरुण वेगवान गोलंदाजाची पारख: प्रस्तावना

वेगवान गोलंदाज ज्या वयात पारखला जातो, त्या वयात त्याचे अंग अजून भरलेले नसते. १६ वर्षांच्या फलंदाजाची बॅट धरण्याची, पाय टाकण्याची पद्धत बरीचशी ठरून गेलेली असते. त्याच वयाच्या गोलंदाजाची उंची, खांदे, मांड्या, धावण्याची ढब आणि मनगट हे सगळे अजून बदलायचे असते. त्यामुळे त्याच्याविषयी आज जे बोलले जाते ते दोन-तीन वर्षांत जुने होते. पारखणाऱ्यापुढे तीन प्रश्न असतात: हा मुलगा आज काय टाकतो, पुढे काय टाकू शकेल, आणि तिथवर त्याची पाठ टिकेल का. आपल्याकडे पहिल्या प्रश्नावर भरपूर चर्चा होते, दुसऱ्यावर अंदाज बांधले जातात आणि तिसरा प्रश्न मुलगा पाठ धरून घरी बसल्यावर विचारला जातो. खरे तर सर्वाधिक लक्ष या तिसऱ्या प्रश्नाकडे द्यायला हवे.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील कवठे येमाई, मलठण, टाकळी हाजी, सविंदणे या पट्ट्यातल्या गावांकडे पाहिले की हा विषय नीट समजतो. इथे क्रिकेट खेळले जाते ते शाळेच्या मैदानावर किंवा काढणी झालेल्या रानात, बहुतेक वेळा टेनिस बॉलने. स्पर्धा चषकाच्या आणि रोख बक्षिसाच्या असतात, सामने मोजक्या षटकांचे असतात आणि एका दिवसात एकाच संघाला दोन-तीन सामने खेळावे लागतात. जोरात चेंडू टाकणारा मुलगा या स्पर्धांत लगेच नजरेत भरतो. शेजारच्या गावचे संघ त्याला बोलावू लागतात. ‘याचा बॉल दिसत नाही,’ ही त्याच्याविषयीची पहिली आणि बहुधा शेवटची नोंद असते. मुंबई परिसर आणि विदर्भ वगळता उरलेला महाराष्ट्र ज्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो, तिच्या वयोगटांच्या निवड चाचण्यांपर्यंत ही नोंद पोचत नाही. पोचली तरी तिच्यावरून काही ठरवता येत नाही.

याच भागात पारखीची एक जुनी आणि फार बारीक विद्या मात्र नांदते आहे. शिरूर, आंबेगाव, खेड, जुन्नर या तालुक्यांत यात्रांच्या हंगामात बैलगाडे घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढणीच्या धावपट्टीवर, पळतात आणि बारीचा, म्हणजे एका धावेचा, निकाल घड्याळावर सेकंदांत लागतो. पण जाणता गाडामालक नव्या खोंडाची किंमत एका बारीच्या सेकंदांवर ठरवत नाही. तो दात पाहतो, दुसा आहे की चौसा हे विचारतो, खूर आणि बांधा पाहतो, सोबत कोणते बैल होते आणि घाटाची चढण कशी होती याची चौकशी करतो. कोवळ्या खोंडाला हंगामभर प्रत्येक घाटात पळवले तर तो बसतो, हेही त्याला ठाऊक असते. वय, बांधा, साथ, घाट आणि ताण या त्याच्या पाच कसोट्या गोलंदाजालाही जशाच्या तशा लागू पडतात. खोंडाच्या बाबतीत जे शहाणपण गावाला उपजत आहे, ते मुलाच्या बाबतीत वापरले जात नाही, याची खंत वाटते.

टेनिस बॉलपासून सुरुवात करावी लागते, कारण ग्रामीण गोलंदाजाची सुरुवात तिथूनच होते. साध्या टेनिस बॉलचे वजन ५६ ते ५९ ग्रॅमच्या आसपास असते, तर सीझन बॉलचे सुमारे १५६ ते १६३ ग्रॅम. म्हणजे हाताला जवळजवळ पावणेतीनपट ओझे. हलका चेंडू हाताचा झपाटा वाढवतो आणि यॉर्कर शिकवतो, कारण छोट्या सामन्यात उंच उडालेला चेंडू षटकारच देतो. पण टेनिस बॉलला शिवण नसते. शिवण सरळ ठेवून मनगट चेंडूच्या मागे राखायचे आणि चेंडू खेळपट्टीवर पडून आत किंवा बाहेर वळवायचा, ही वेगवान गोलंदाजीतली अर्धी कला त्याच्यावर शिकताच येत नाही. म्हणून टेनिस बॉलच्या स्पर्धेत चमकलेल्या मुलाकडे हाताचा झपाटा आणि धीर आहे एवढेच समजावे. बाकी सगळे शिकायचे राहिले आहे असे धरून चालावे, आणि ते शिकण्याचा त्याचा वेग किती आहे हे मोजावे. सालेमजवळच्या खेड्यात टेनिस बॉलवर वाढलेला टी. नटराजन २०२१ च्या जानेवारीत ब्रिस्बेनला भारताकडून कसोटी खेळला तेव्हा तो २९ वर्षांचा होता. मधली वर्षे सीझन बॉल आत्मसात करण्यात गेली होती.

महाराष्ट्राच्या मातीतले याचे सर्वांत मोठे उदाहरण शिरूरला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले आहे. झहीर खान ७ ऑक्टोबर १९७८ रोजी श्रीरामपूरला जन्मला. उसाच्या या गावात वेगवान गोलंदाज घडवण्याची कोणतीही सोय नव्हती. सतराव्या वर्षाच्या सुमारास तो मुंबईत आला आणि माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबात दाखल झाला. त्या वेळी मुंबईच्या बाजारात त्याच्यासारखे जोरात चेंडू टाकणारे इतरही होते. त्याची खरी पारख झाली ती चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली मार्गदर्शन करत आणि टी. ए. शेखर तरुणांवर रोज नजर ठेवत. तिथे वेगाइतकीच उडी, पुढच्या पायाचे टेकणे, डोक्याची स्थिती यांची तपासणी होई. मुंबईच्या संघात जागा न मिळाल्याने तो बडोद्याकडून १९९९-२००० च्या हंगामात रणजी खेळू लागला आणि ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीला भारतीय संघात आला. दोन संघटनांनी एकाच मुलाविषयी दोन वेगळे निष्कर्ष काढले होते.

झहीरची गोष्ट तिथे संपवली तर पारखीचा धडा अर्धाच हाती लागतो. पुढची काही वर्षे दुखापती, लांबलचक धाव आणि ढासळलेली लय यांत गेली आणि तो संघाबाहेर फेकला गेला. २००६ मध्ये तो इंग्लंडच्या वूस्टरशर परगण्याकडून खेळायला गेला. आठवड्यामागून आठवडे लांब सामने, रोज नवी खेळपट्टी आणि भरपूर षटके मिळाली. त्याने धाव आखूड केली, तो क्रीजच्या कडेवरून आणि टप्प्यावरून फलंदाजाला फसवायला शिकला आणि त्या हंगामात त्याने ७८ बळी घेतले. नंतरचा झहीर अधिक वेगवान नव्हता, पण कितीतरी पटींनी चांगला होता. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले आणि ९२ कसोटींत ३११ बळींवर कारकीर्द थांबवली. १८ व्या वर्षी मोजलेला त्याचा वेग, २२ व्या वर्षी दिसलेला त्याचा यॉर्कर आणि २८ व्या वर्षी आलेली त्याची समज ही तीन वेगवेगळी मापे आहेत. त्यातले तिसरे माप सर्वांत मोलाचे ठरले आणि सुरुवातीला ते कुणालाच घेता आले नसते.

तरुण हाताची पारख हा अमेरिकेत बेसबॉलमुळे एक संपूर्ण व्यवसाय झाला आहे. तिथे चेंडू फेकणारा पिचर ६० फूट ६ इंचांवरून, म्हणजे सुमारे १८.४ मीटरवरून मारा करतो. आपली खेळपट्टी २२ यार्डांची, २०.१२ मीटरची, पण गोलंदाज पुढे येऊन चेंडू सोडतो, त्यामुळे फलंदाजापर्यंतचे अंतर दोन्हीकडे फारसे वेगळे पडत नाही. अव्वल दर्जाच्या ३० संघांपैकी प्रत्येकाच्या हाताखाली चढत्या पायऱ्यांचे चार लहान संघ असतात, २०२१ पासून एकूण १२०, आणि त्याखाली नवशिक्यांचे संघ. मुलगा एका पायरीवर जमला की वर जातो, तिथे फटके खातो, सावरतो, पुन्हा वर जातो. प्रत्येक कौशल्याला २० ते ८० या मोजपट्टीवर गुण मिळतात. ५० म्हणजे अव्वल संघातल्या खेळाडूची सरासरी. प्रत्येक गुण दोनदा दिला जातो, एक आजचा आणि एक पुढे शक्य असलेला. आपल्या निवड समित्यांनी यातून काही उचलायचे असेल तर ही दुहेरी नोंद उचलावी. आज ३० आणि पुढे ६० असा मुलगा आज ४५ आणि पुढे ४५ असलेल्यापेक्षा कधी निवडावा, हा प्रश्न निदान कागदावर तरी येतो.

या व्यवस्थेत भारतीय मुलेही गेली आहेत. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन तरुण निवडले गेले. दोघेही भालाफेकीतून आलेले, बेसबॉल कधी न खेळलेले. रिंकूने ताशी ८७ मैल, म्हणजे सुमारे १४० किलोमीटर वेगाने चेंडू फेकून स्पर्धा जिंकली. पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केले आणि २००९ मध्ये ते सर्वांत खालच्या पायरीवर खेळू लागले. दिनेश दोन हंगामांनंतर बाहेर पडला. रिंकू चिकाटीने वर चढत २०१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर संघाकडून ३९ सामने खेळला आणि दर नऊ डावांमागे त्याने सरासरी तीनच धावा दिल्या. एकोणीस वर्षांचा होईपर्यंत ज्याने हा खेळ पाहिलाही नव्हता, त्याच्यासाठी ही प्रगती विलक्षण होती. त्यानंतर कोपर गेले, शस्त्रक्रिया झाल्या आणि अव्वल दर्जापर्यंतची वाट तिथेच थांबली. शिकण्याचा वेग उत्तम होता, पण हाताने साथ दिली नाही. वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रश्नाचे वजन किती, हे या एका कारकिर्दीवरून समजते.

आता मैदानावर प्रत्यक्ष काय पाहायचे. वेग पाहायचाच; ताशी १३० किलोमीटरचा चेंडू फलंदाजाला विचार करायला जेमतेम अर्धा सेकंद देतो आणि तो अर्धा सेकंद शिकवून येत नाही. पण वेग एका चेंडूचा घेऊ नये. पहिल्या षटकाचा, सहाव्या षटकाचा आणि दुपारच्या शेवटच्या षटकाचा वेग शेजारी शेजारी मांडावा. तिन्हींतला फरक जितका कमी तितकी त्या वेगाची किंमत जास्त. मोबाइलवर मोजलेल्या वेगावर विसंबू नये, कारण कॅमेऱ्याचा कोन थोडा बदलला तरी आकडा भलतीकडे जातो.

त्यानंतर टप्पा. उजव्या फलंदाजाच्या ऑफ यष्टीच्या रेषेत, चांगल्या लांबीवर चुन्याने वहीएवढी चौकट आखावी आणि मुलाला सहा-सहा चेंडूंचे पाच हप्ते टाकायला लावावे. तीसपैकी किती चेंडू चौकटीत पडले हे महत्त्वाचे आहेच, पण चुकलेले कुठे गेले हे अधिक बोलके असते. सगळे चुकलेले चेंडू एकाच बाजूला जात असतील तर दोष एक आहे आणि तो काढता येतो. चारही दिशांना जात असतील तर मुलगा दर चेंडूला वेगळा गोलंदाज असतो आणि त्याला वेळ लागेल. तीन महिन्यांनी हीच चाचणी पुन्हा घ्यावी. दोन चाचण्यांमधला फरक हेच या विषयातले सर्वांत विश्वसनीय माप आहे.

बळींच्या आकड्यांविषयी फार सावध राहावे लागते. १६ वर्षांखालील विजय मर्चंट करंडक असो वा १९ वर्षांखालील कूचबिहार करंडक, एका हंगामात मुलाच्या वाट्याला सामने मोजकेच येतात. स्लिपमधले दोन झेल सुटले तर त्याची सरासरी बिघडते, दोन पंच उदार निघाले तर सुधारते. बेसबॉलमध्ये व्होरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने २००१ मध्ये हाच मुद्दा मांडला: क्षेत्ररक्षकांच्या हाती गेलेल्या चेंडूचे यश-अपयश फेकणाऱ्याच्या खात्यावर लावणे फसवे आहे, म्हणून ज्यात क्षेत्ररक्षकांचा हात नाही तेवढेच आधी मोजा. क्रिकेटमध्ये त्याला समांतर मोजणी सोपी आहे. बॅटची कड घेतलेले, बॅटला चकवून गेलेले आणि पॅडवर आदळलेले चेंडू एका बाजूला, नो-बॉल आणि वाइड दुसऱ्या बाजूला. एकही बळी न मिळता बारा वेळा बॅट चकवणारा मुलगा त्या दिवशीचा सर्वोत्तम गोलंदाज असू शकतो. हे धावपत्रिकेत दिसत नाही, म्हणून कुणीतरी लिहून ठेवले पाहिजे.

वयाचा प्रश्न नाजूक आहे. कनिष्ठ गटांत वर्षाची सीमा १ सप्टेंबरला धरली जाते. सप्टेंबरात जन्मलेला मुलगा पुढच्या ऑगस्टात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ एका वर्षाने मोठा असूनही एकाच गटात खेळतो. पंधराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे कधी उंचीचा, कधी दाढीमिशांचा फरक. बरेचदा ‘प्रतिभा’ म्हणून जे निवडले जाते ते आधी आलेले तारुण्य असते. १६ वर्षांखालील गटासाठी भारतीय क्रिकेट मंडळ मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरवते, ते लबाडी रोखण्यासाठी. पण त्याच चित्राचा दुसरा उपयोगही आहे: हाडांनी मागे असलेला, बारीक चणीचा मुलगा जर मोठ्यांच्या बरोबरीने टिकत असेल तर त्याच्याकडे वाढायला जागा आहे. उलट, साधारण चौदाव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते तेव्हा हातापायांचा मेळ बिघडतो आणि चांगला गोलंदाज सहा-आठ महिने वाईट दिसतो. त्या काळात त्याला यादीतून काढणे ही आपल्याकडची सर्रास होणारी आणि टाळता येण्याजोगी चूक आहे.

शरीराविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. वेगवान गोलंदाजाची सर्वांत ओळखीची गंभीर दुखापत म्हणजे कमरेच्या मणक्याला ताणाने जाणारी बारीक चीर. ती एका चेंडूने होत नाही. हाडाला भरून यायला मिळणाऱ्या वेळेपेक्षा ताण अधिक वेगाने साचत गेला की होते. कमरेच्या मणक्यांची हाडे विशीच्या पुढेही मजबूत होत राहतात, म्हणून १५ ते २० हे वय सर्वांत धोक्याचे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधनाने एक विशिष्ट दोषही दाखवून दिला: चेंडू टाकताना कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला, अशी मिश्र शैली असेल तर पाठ पिळली जाते आणि इजेची शक्यता वाढते. स्वतः डेनिस लिली १९७३ मध्ये पाठीच्या अशाच इजेने बाजूला पडले होते आणि शैली व शरीर दोन्ही नव्याने बांधून परतले. मुलगा समोरून नव्हे तर मागून आणि बाजूने पाहावा, तो यासाठी.

ताणाला मर्यादा घालणारे नियम परदेशांत लेखी आहेत. इंग्लंडच्या मंडळाच्या सूचनांत १३ वर्षांखालील वेगवान गोलंदाजाने सलग ५ आणि दिवसात १०, १५ वर्षांखालील गोलंदाजाने सलग ६ आणि दिवसात १२, तर १९ वर्षांखालील गोलंदाजाने सलग ७ आणि दिवसात १८ षटकांपुढे जाऊ नये असे म्हटले आहे. अमेरिकी बेसबॉलने २०१४ मध्ये असेच आकडे ठरवले. १७-१८ वर्षांच्या मुलाने दिवसाला १०५ चेंडूंपुढे जायचे नाही आणि त्यानंतर सक्तीची विश्रांती घ्यायची. आपल्या गावच्या मुलाची अडचण वेगळी आहे. त्याची षटके तीन ठिकाणी विखुरलेली असतात: शनिवारी शाळेच्या संघात सीझन बॉलने, रविवारी दोन गावांच्या स्पर्धांत टेनिस बॉलने, आठवडाभर अकादमीच्या नेटमध्ये. प्रत्येक ठिकाणचा माणूस म्हणतो, ‘आमच्याकडे फार टाकत नाही.’ बेरीज कुणीच करत नाही. हलक्या चेंडूने खांद्यावरचा भार कमी होत असेल, पण पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा पाठीला बसणारा धक्का चेंडूचे वजन विचारत नाही. म्हणून टेनिस बॉलची षटकेही मोजावीच लागतात. यात्रेच्या हंगामात एका आठवड्यात षटके एकदम दुप्पट-तिप्पट होणे हे एकूण बेरजेपेक्षाही घातक असते.

महाराष्ट्राच्या वेगवान गोलंदाजांचा इतिहास या दृष्टीने वाचला तर हळहळ वाटते. पांडुरंग साळगांवकर १९७० च्या दशकात देशातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजांत गणले जात. प्रथम श्रेणीत दोनशेहून अधिक बळी घेऊनही, फिरकीच्या त्या काळात, त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. सोलापूरच्या सलील अंकोलाने १९८८-८९ मध्ये महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणीतल्या पदार्पणातच त्रिक्रम साधला, पुढच्याच वर्षी कराचीत सचिन तेंडुलकरबरोबर कसोटी पदार्पण केले. ती त्याची एकमेव कसोटी ठरली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी नडगीच्या हाडातील गाठीमुळे क्रिकेट सुटले. औरंगाबादच्या इक्बाल सिद्दिकीलाही २००१ मध्ये मोहालीला एकच कसोटी मिळाली. समद फल्लाह अडीचशेहून अधिक बळी घेऊन भारतीय संघाच्या बाहेरच राहिला. या चौघांपैकी कुणाचीही पारख करताना केवळ ‘भारताकडून किती खेळला’ हे माप लावले तर ते अन्यायाचे होईल. चांगला प्रथम श्रेणी गोलंदाज होणे हे स्वतंत्र, पूर्ण आणि दुर्मीळ यश आहे.

अलीकडे बाजारभाव हीच पारख मानण्याची चाल पडली आहे. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. त्याच वर्षीच्या आयपीएल लिलावात ३० लाखांच्या मूळ किमतीवरून तो दीड कोटीला चेन्नईकडे गेला. तो पूर्ण हंगाम त्याला मैदानात उतरता आले नाही. ३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबादला पहिला सामना मिळाला तेव्हा त्याने ३६ धावांत ३ बळी घेतले, पण त्या हंगामात तो दोनच सामने खेळला. लिलावातली बोली ही एका दुपारी काही संघांना असलेल्या गरजेची किंमत असते. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावातून उंच, दणकट, वेगाने टाकणारा मुलगा इथवर येतो ही मोठी गोष्ट आहे. पण वाढीच्या वयात सामन्यांविना गेलेले महिने त्याच्या कौशल्याला काय देतात, याचा हिशोब दीड कोटीत धरलेला नसतो. झहीरला २००६ मध्ये वूस्टरला जे मिळाले ते हेच होते: भरपूर षटके, तीही शहाण्या देखरेखीखाली.

पारख करणारा माणूस कवठे येमाईला वर्षातून एकदा येऊन काही सांगू शकणार नाही. मुलाला दर आठवड्याला पाहणारे तिथेच असतात: शाळेतले क्रीडाशिक्षक, स्पर्धा भरवणारे मंडळ, घरचे वडीलधारे. त्यांना रडार लागत नाही की क्ष-किरण यंत्र. दोनशेपानी वही पुरेशी आहे. दर दिवसाची तारीख लिहावी, चेंडू टेनिसचा होता की सीझनचा ते लिहावे, एकूण किती षटके टाकली, चौकटीत किती चेंडू पडले, किती वेळा बॅट चकवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पाठ दुखत होती का, हे लिहावे. मुलगा तेरा वर्षांचा झाला की वही सुरू करावी आणि निवड चाचणीला जाताना ती त्याच्या हातात द्यावी.